एका श्वासाला एक बुडबुडा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नावही आता कुणाला आठवत नाही. लहानांनी ती ऐकावीच, पण संध्याकाळी ज्यांची पाठ दुखते त्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

त्या राज्याच्या राजवाड्यात काचेचा एक मोठा हौद होता. हौदात मासे होते आणि पाण्याखाली वाढणारी झाडे होती. ही झाडे राणीने लग्न होऊन येताना माहेरच्या नदीतून घागरीत घालून आणली होती आणि त्यातले तांबड्या पानांचे झाड मधोमध लावले होते. पुढे राणी वारली. एकुलती एक राजकन्या लग्न होऊन दूरदेशी गेली. मागे राजा राहिला, हौद राहिला आणि हौद सांभाळणारा म्हातारा माळी राहिला.

माळी चाळीस वर्षे तेच काम करत होता आणि आता फार दमला होता. त्याची बोटे कायम पाण्याने सुरकुतलेली असत. उठताना गुडघे कुरकुरत, बसताना तो स्वतः कुरकुरे.

काम तसे साधे होते. पाण्याखालच्या झाडांना दोन गोष्टी लागतात. वरून उजेड लागतो, आणि पाण्यात विरघळलेली एक प्रकारची हवा लागते, जी त्यांचे अन्न असते. उजेड पूर्वेच्या खिडकीतून येई. हवेसाठी माळी एका मडक्यात गुळाचे पाणी आंबत ठेवी, मडक्याचे तोंड मातीने लिंपे आणि तिथून वेळूची बारीक नळी हौदात सोडी. आंबणाऱ्या गुळाची हवा त्या नळीतून बुडबुडे होऊन पाण्यात जाई. नळीत कापसाचा बोळा असे. बोळा घट्ट केला की बुडबुडे कमी, सैल केला की जास्त.

पण किती बुडबुडे सोडायचे? त्याचे माप माळ्याला त्याच्या गुरूने शिकवले होते. हौदाशेजारी शांत बसायचे, आणि आपल्या एका श्वासाला एक बुडबुडा सोडायचा. दिवस मावळला की नळी बाहेर काढायची, कारण अंधारात झाडे जेवत नाहीत आणि उरलेल्या हवेने मासे गुदमरतात.

या मापावर हौदातली ही बाग चाळीस वर्षे टिकली होती. झाडे सावकाश वाढत, पण वाढत.

एके दिवशी सांगावा आला, की राजकन्या महिन्याभराने माहेरी येते आहे. राजा लगबगीने हौदापाशी आला.

"माळीबुवा, बाग अशी विरळ का? पोरगी सात वर्षांनी येते आहे. आईची बाग तिला भरगच्च दिसली पाहिजे."

"महाराज, हिची चालच अशी आहे."

"उजेड वाढवा! उन्हाने झाड वाढते हे शेंबड्या पोरालाही कळते."

"उजेड वाढवला तर हवाही वाढवावी लागेल, महाराज. आणि ते हळूहळू करावे लागते. महिना पुरायचा नाही."

राजाने पुढचे ऐकलेच नाही. ऐकत नाहीत राजे, आणि बाप तर त्याहून नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात आठ आरसे उभे राहिले. नोकर सूर्याबरोबर आरसे फिरवत आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत हौद लखलखत राही.

चार दिवस बाग तरारली. राजा खूश झाला. पाचव्या दिवशी पानांचे शेंडे पिवळे पडले आणि वाढ थांबली. आठव्या दिवशी पानांवर शेवाळाचे हिरवे धागे चढले. उजेड होता, पण त्याला पुरेल एवढे अन्न झाडांना नव्हते. ती थकून बसली आणि शेवाळाचे फावले.

माळ्याने दुसरे मडके लावले आणि एका श्वासाला दोन बुडबुडे असे माप धरले. दिवसभर तो हौदावर ओणवा होऊन एकेक पान बोटांनी पुसू लागला. सकाळी पुसलेले पान संध्याकाळी पुन्हा शेवाळून जाई. दुपारची त्याची डुलकी गेली. त्याची कंबर मोडून गेली, बसल्या जागी धाप लागू लागली. राजा रोज येऊन विचारी, "झाले का?" आणि माळी रोज म्हणे, "होते आहे, महाराज." खरे सांगायचे तर काहीच होत नव्हते.

एका संध्याकाळी त्याने श्वासाशी माप जुळवायला बोळा जरा सैल केला, मडक्याला टेकून क्षणभर डोळे मिटले, आणि तो क्षण उजाडेपर्यंत लांबला. नळी पाण्यातच राहिली.

जाग आली तेव्हा सगळे मासे वर येऊन तोंड उघडत-मिटत होते. हौदातली सर्वांत म्हातारी मासोळी कडेला येऊन म्हणाली, "अरे बाबा, आमचा जीव घेतोस काय?"

माळ्याने धडपडत नळी उपसली. "पण मी माप चुकवले नाही गं! एका श्वासाला दोन. रोज मोजतो मी."

"मोजतोस खरा. पण श्वास कसा घेतोस ते पाहिलेस का? काल तू धापा टाकत मोजत होतास. पूर्वी तुझा एक श्वास व्हायचा, तेवढ्यात आता तीन होतात. दोनाचे सहा झाले, बाबा, आणि तेही रात्रभर."

माळी खाली बसला. चाळीस वर्षांत चुकली नव्हती अशी चूक झाली होती, आणि ती हाताची नव्हती. त्याला रडू आले. दमलेल्या माणसाला लवकर रडू येते, त्यात लाज कसली?

एवढ्यात राजा आला. तळमळणारे मासे पाहून तो कडाडला, "माळीबुवा! हे काय?"

"महाराज, या बागेचे माप माझा श्वास आहे," माळी म्हणाला, "आणि तो माझ्या हातात राहिलेला नाही. मी फार दमलो आहे." चाळीस वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारले.

राजा रागाने म्हणाला, "मग मी मोजतो!" आणि हौदाशेजारी बसला. पण त्याचाही श्वास वर-खाली होत होता. बुडबुडे मोजायचे तर आधी गप्प बसावे लागत होते. बराच वेळ तो बसला. पाण्यात त्याला पिवळे शेंडे दिसले, शेवाळ दिसले आणि काचेत धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्या माळ्याचे प्रतिबिंब दिसले.

मग त्याने आरशांवर चादरी टाकायला सांगितल्या, एक मडके बंद करवले, आणि माळ्याला म्हणाला, "तुम्ही आता झोपा. तीन दिवस उठायचे नाही." मासे वाचले. माळी खरोखर तीन दिवस झोपला आणि चौथ्या दिवशी एका श्वासाला एक बुडबुडा सोडू लागला.

राजकन्या आली तेव्हा बाग निम्मी राहिली होती, पण उरलेल्या पानांना नवे कोंब होते. ती काचेला नाक लावून बराच वेळ शोधत राहिली.

"बाबा, आईने मधोमध लावलेले तांबड्या पानांचे झाड कुठे आहे?"

राजा म्हणाला, "मी त्याला फार उजेड दिला, बाळा."

शेजारी भिंतीला टेकून माळी दुपारची डुलकी घेत होता. राजाने खिडकीचा पडदा हळूच अर्धा ओढला, आणि दोघे त्याला जागे न करता बाहेर गेले. त्या राजवाड्यात पुढे कुणाचीही दुपारची डुलकी मोडली गेली नाही. पण तांबडे झाड पुन्हा कधी उगवले नाही.

बोध: ज्याच्याकडून जेवढे काम घ्यायचे, तेवढे त्याला अन्नही द्यावे आणि श्वासही घेऊ द्यावा.