गडवाडीची पायवाट

उंच डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात केरबा नावाचा हलवाई राहत होता. माणूस हाताचा गोड आणि मनानंही गोड. पण कढईसमोर बसून बसून त्याचं अंग फार सुटलं होतं. प्रत्येक घाणा उतरला की आधी आपण चाखायचा, ही त्याची जुनी सवय. देवळाच्या चार पायऱ्या चढला तरी त्याला धाप लागायची.

बायको देवाघरी गेलेली. एकुलती एक लेक सगुणा, ती डोंगरमाथ्यावरच्या गडवाडीत दिलेली. वर जायला दगडी पायऱ्यांची एकच वाट. गाडी जात नसे, घोडं जात नसे. एकदा केरबानं डोली सांगितली होती. चार भोयांनी ती कशीबशी पहिल्या वळणापर्यंत नेली, खाली ठेवली आणि हात जोडले. त्यानंतर लेकच दरसाल दिवाळीला खाली यायची.

त्या वर्षी सगुणा पोटुशी होती. अशा अंगानं एवढ्या पायऱ्या उतरणं नको म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. केरबा रोज सकाळी दुकानाच्या फळीवर उभा राहून वर बघायचा. खालून सगुणाच्या घराची पांढरी भिंत तेवढी दिसायची, बोटाच्या नखाएवढी.

चैत्रातल्या एका सकाळी त्या भिंतीशेजारच्या दोरीवर त्याला बारीक बारीक रंगीत ठिपके दिसले. लाल, पिवळे, हिरवे. त्याला उमगेना. इतक्यात धुरपदा दही घेऊन खाली आली. ही वरच्या वाडीतली म्हातारी धनगरीण. डोक्यावर दह्याचं गाडगं घेऊन रोज उतरायची आणि रिकामं गाडगं घेऊन रोज चढायची.

"दुपटी आहेत ती," त्याची नजर कुठं आहे ते बघून धुरपदा म्हणाली. "नात झाली तुला, केरबा. बाराव्या दिवशी बारसं आहे. सगुणा म्हणाली, बाबांना सांग, पण आग्रह करू नको."

आग्रह करू नको, हे शब्द केरबाला फार लागले. त्यानं तिथल्या तिथं ठरवलं, बारशाला जायचं. बारा दिवसांत अंग उतरवायचं आणि आपल्या पायांनी वर जायचं.

त्या दिवसापासून त्यानं जेवण सोडलं. सकाळी तांब्याभर लिंबूपाणी, संध्याकाळी तांब्याभर ताक. भर उन्हात पायऱ्या चढायला लागला. पहिल्या दिवशी साठ चढला, दुसऱ्या दिवशी शंभर. चौथ्या दिवशी दोनशेच्या पुढे गेला आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळला. गुराख्यांनी त्याला उचलून घरी आणलं. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता.

बारशाच्या दिवशी केरबा अंगणात बाजेवर पडून होता. दुपारी वारा फिरला आणि वरून सनईचे तुटक तुटक सूर खाली आले. आता पाळण्यात घातलं असेल, आता आत्यानं कानात नाव सांगितलं असेल. तो कान देऊन ऐकत राहिला. मग सूर थांबले. तो लंगडत आत गेला आणि पेढ्यांचं अख्खं ताट एकट्यानं संपवलं.

त्यानंतर महिनाभर त्यानं डोंगराकडे पाहिलं नाही. दुकानाची फळी पाठ करून बसता येईल अशी फिरवून घेतली.

एकदा धुरपदा दह्याचं गाडगं उतरवून तिथंच टेकली. "नातीचं नाव नाही विचारलंस?"

"काय करू विचारून? ती मला कुठं दिसणार आहे."

"मुक्ता ठेवलंय."

केरबानं डोंगराकडे मान वळवली. मग म्हणाला, "मावशी, तू रोज चढतेस. खरं सांग, मी किती दिवसांत चढेन?"

"पहिल्या वळणावरचा वड माहीत आहे ना? उद्या सकाळी तिथवर जा आणि परत ये. परवाही वडापर्यंतच."

"आणि मग?"

"वडाचा कंटाळा आला, की पुढं बघ. जेवण सोडू नको. भाकरी खा, भाजी खा. कढईवर बसलास की हात तोंडाकडे जातो, तेवढा आवर."

"म्हणजे महिन्याभरात?"

"सहा महिने धर. जास्तही लागतील."

"सहा महिन्यांत मी बारीक होईन?"

धुरपदानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नाही," ती म्हणाली. "बारीक काही तू होणार नाहीस. पण वर पोचशील."

केरबाला ते ऐकून वाईट वाटलं. पण का कोण जाणे, दुसऱ्या दिवशी उजाडताना तो वडापर्यंत गेला आणि परत आला.

तेव्हापासून घाण्याची चव तो गिऱ्हाइकाला घ्यायला लावू लागला. मन खाण्याकडे धावायचं तेव्हा पाणी प्यायचा. कधी मन ऐकायचं, कधी नाही. ज्या दिवशी ऐकायचं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो वडापर्यंत जायचा. वडानंतर पाण्याचं टाकं, टाक्यानंतर भैरोबाचं ठाणं. लोक विचारायचे, "काय शेट, पोट तर आहे तिथंच?" तो म्हणायचा, "आहे खरं."

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरलं आणि वाट दोन महिने बंद झाली. केरबा देवळाभोवती फेऱ्या मारत राहिला. पाऊस सरल्यावर पुन्हा वडापासून सुरुवात करावी लागली, तेव्हा त्याला रडू आलं. दिवाळीला सगुणाही आली नाही. कडेवरचं लेकरू घेऊन उतरायला सासूनं मनाई केली. केरबानं धुरपदाबरोबर लाडू पाठवले आणि त्या दिवशीही तो टाक्यापर्यंत जाऊन आला.

कार्तिकात एके सकाळी तो पुन्हा भैरोबाच्या ठाण्याशी पोचला. तिथून अर्धा डोंगर उरायचा. सगुणाचं घर आता नखाएवढं नव्हतं, दार दिसत होतं. तेवढ्यात वरून एका लहान मुलाच्या रडण्याचा आवाज आला.

केरबाचे पाय आपोआप पुढे गेले. वीसेक पायऱ्या चढला. काळीज वर ओढत होतं, गुडघा मात्र थरथरायला लागला होता. पुढचा चढ उभा, कठडा नाही. तो थांबला. आज गेलो तर बाजेवरच परत येईन आणि पुन्हा महिना जाईल, हे त्याला कळत होतं. आवाज थांबेपर्यंत तो त्या पायरीवर बसून राहिला. मग उपरण्यानं तोंड पुसून खाली उतरला. एवढं कठीण उतरणं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

मार्गशीर्ष निम्मा झाला तेव्हा केरबा गडवाडीत पोचला. नऊदा बसला, पण पोचला.

सगुणा अंगणात धान्य पाखडत होती. सूप तसंच हातात धरून ती उभी राहिली. "बाबा, तुम्ही? चालत?"

"चालत."

"पण तुम्ही तर आहात तसेच दिसता."

"दिसतो तसाच," केरबा म्हणाला आणि दोघंही हसता हसता रडली.

मुक्ता तेव्हा आठ महिन्यांची झाली होती. सगुणानं तिला त्याच्या मांडीवर ठेवलं. तिनं त्या परक्या, घामेजलेल्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि जोरानं भोकाड पसरलं. काही केल्या गप्प होईना. सगुणा ओशाळली. "तिला ओळख नाही ना बाबा अजून."

"असू दे," केरबा म्हणाला. नात आईच्या खांद्याआडून आपल्याकडे बघते आहे, हे त्यानं पाहिलं होतं. "मी सोमवारी येईन पुन्हा."

सोमवारी ती रडली, पण कमी. त्याच्या पुढच्या सोमवारी तिनं त्याची मिशी ओढून पाहिली. चौथ्या खेपेला केरबा दारात दिसताच ती रांगत उंबऱ्यापर्यंत आली आणि दोन्ही हात वर करून त्याच्याकडे बघू लागली.

तात्पर्य: शरीराला बारा दिवसांची मुदत घातली की ते आडवं पडतं. त्याला त्याचा वेळ द्या, आज झेपेल तेवढंच मागा. आरशात फार फरक दिसला नाही, तरी जिथं जीव अडकला आहे तिथवर ते तुम्हाला नेऊन पोचवतं.