राणीची उपाशी बाग

ज्या काळी राजे आपल्या बागांवरून एकमेकांपुढे ऐट मिरवत, त्या काळची ही गोष्ट. एका राज्यात राजवाड्यामागे मोठी बाग होती. ती इतकी स्वच्छ, की पडलेलं पान दुपारपर्यंत जमिनीवर राहत नसे. झाडून, गोळा करून ते जाळलं जाई. तरी बाग वर्षागणिक सुकत चालली होती.

राजाने एका मातीपरीक्षकाला बोलावलं. त्याने बागेच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतली माती खणून घेतली, वास घेतला, एक ढेकूळ पाण्यात सोडलं. ते क्षणात विरघळून गाळ झालं.

"महाराज, माती वाईट नाही, उपाशी आहे," तो म्हणाला. "तिच्या तोंडचं पान न पान तुम्ही जाळता. पालापाचोळा कुजवून घाला, शेणखत घाला. तागाचं पीक पेरा आणि फुलायच्या आत मातीत गाडा, त्याचंही खत होतं. दोन पावसाळे गेले की ती सावरेल."

"दोन पावसाळे?" राजा उसळला. "येत्या वसंतोत्सवालाच पाहुणे येणार आहेत!"

प्रधान पुढे झाला. "नदीकाठच्या शेतांत काळी माती आहे, महाराज. वरची वीतभर खरवडून आणली की झालं."

राजाने मान डोलावली. शेजारी बसलेली राणी कुमुदा मात्र उठून उभी राहिली.

"पेरणी तोंडावर आली आहे. मग त्या लोकांनी पेरायचं कशात?"

"तो प्रश्न त्यांचा," प्रधान म्हणाला.

"मग बागेचा प्रश्न आपला. त्यांच्या मातीला हात लावायचा नाही."

राजाने डोळे वटारले. "राणीसाहेब, तुम्ही मला नाही म्हणता?"

"हो महाराज, नाही म्हणते."

दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाड्या निघाल्या, तेव्हा वेशीच्या दारात राणी आसन टाकून बसली होती. गाडीवानांनी बैल थांबवले. प्रधान ओरडला, पण कोणी कासरा हलवला नाही. दुपार झाली, ऊन चढलं, राणी उठेना. शेवटी राजा स्वतः आला.

"ठीक आहे. बाग तुमच्या हवाली. पण उत्सवात फुलं नसली, तर भर सभेत पाहुण्यांना उत्तर तुम्ही द्यायचं."

"देईन," राणी म्हणाली.

तिने पानं जाळणं बंद केलं. बागेच्या कडेला खड्डे खणले. त्यात पाला, तबेल्यातली लीद, गोठ्यातलं शेण, मुदपाकखान्यातली सालं पडू लागली. पावसाळ्यात ताग डोलला आणि कळ्या धरायच्या आधीच नांगराखाली गेला. राणीचे हात कोपरापर्यंत मळलेले असत.

"हा राजवाडा आहे की उकिरडा?" प्रधानाने नाकाला उपरणं लावलं.

"वास सोसत नसेल तर वाऱ्याकडे पाठ करा," राणी म्हणाली आणि घमेलं उचललं.

वसंतोत्सव आला. बागेत इकडेतिकडे चार फुलं होती. पाहुणे गालात हसले. एका राजाने मोठ्याने विचारलंच, "बाग कुठे आहे?"

राणी सभेत उभी राहिली. मान ताठ होती.

"फुलं नाहीत. दुसऱ्यांच्या शेतांतली माती ओरबाडली असती, तर आज असती. त्याच शेतांतलं धान्य यंदा लोकांच्या घरी आलं आहे. आपल्याला हसायचं तर खुशाल हसा. मला लाज वाटत नाही."

राजा संतापाने लाल झाला. महिनाभर तो राणीशी बोलला नाही. राणीने मात्र खड्डे भरायचं सोडलं नाही.

दुसरा पावसाळा सरला. माती काळसर, भुसभुशीत झाली. मुठीत घेतली की गांडुळं वळवळत. मग हिवाळ्यात ओळीच्या ओळी शेवंती उमलली आणि वसंतात सोनचाफा लगडला, मोगरा फुलला.

राजा बागेत आला. बराच वेळ फिरला. शेवटी हळू आवाजात म्हणाला, "राणीसाहेब, तुम्ही जिंकलात."

राणीने मळलेले हात पदराला पुसले. "जिंकायला मी बसले नव्हते, महाराज. नदीकाठी पुन्हा गाड्या निघाल्या, तर मी पुन्हा दारात बसेन. तेव्हा बागेत फुलं असोत नाहीतर काटे."

राजाने खाली वाकून पाल्याची पाटी उचलली आणि तिच्या मागोमाग चालू लागला.

तात्पर्य इतकंच: आपल्या हातून जे झिजलं, ते दुसऱ्याचं ओरबाडून भरू नये; वेळ लागला, लोक हसले, तरी ते आपणच पोसून उभं करावं.