उंचवट्यांचं कोर्ट

मॉरिशसच्या यमुनेचं टेनिसमध्ये नाव झालं, तशी एक पंचाईत आली. आई तिथली मराठी, वडील फ्रेंच, नागरिकत्व दोन्हीकडचं. मग खेळायचं कुणाकडून? यमुनेनं मॉरिशस निवडलं.

पॅरिसमध्ये फ्रेंच टेनिसचे एक बडे साहेब चारचौघांत गरजले, “चौदाव्या वर्षापासून आम्ही तुला घडवलं. कोच आमचे, आरशासारखी कोर्टं आमची. त्या बेटानं काय दिलं? त्यानं दिलेली एक तरी गोष्ट सांग, तुला सोडल्याच्या कागदावर आत्ता सही करतो!”

यमुनेनं हात जोडले. “तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही. पण साहेब, शेकडो मुलींतून मलाच का निवडलंत?”

“पारख लागते!” साहेब फुशारले. “चेंडू कितीही वेडावाकडा उसळो, तुझी रॅकेट तिथं हजर. असं कुणातच नव्हतं.”

“आमच्या गावात एकच कोर्ट, तेही भेगाळलेलं. मामा दर रविवारी भेगांत सिमेंट भरायचा, त्याचे उंचवटे व्हायचे. चेंडू सरळ उसळतो, हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं.”

सगळे हसले. साहेबांनी सहीसाठी पेन काढलं.

यमुनेनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर येऊन फोन लावला, “मामा, उंचवटे तासू नकोस हं. अजून पोरी शिकायच्यात.”