दिवीखारचा न कापलेला कोपरा

दिवीखारच्या बांधावर उभे राहिलात, की एका हाताला खाडी आणि दुसऱ्या हाताला भातखाचरे दिसतात. कापणी उरकली, तरी एका शेताचा वरचा कोपरा तसाच उभा असतो, पिकून पिवळा झालेला. मालक विसरला की काय, असे पाहुणे विचारतात. मग ऐंशी ओलांडलेले गोमा म्हात्रे बांधावर बैठक मारतात आणि सांगू लागतात.

हे शेत मूळचे शनिवार तेल्यांचे, म्हणजे बेने इस्राएल लोकांचे. शनिवार हा त्यांचा देवाने नेमलेला विसाव्याचा वार, त्या दिवशी ते तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने दिलेले हे नाव. त्यांच्यातल्या दाऊदजीने खाडीला बांध घालून ही जमीन केली, असे सांगतात. देव शेत देईल, शेतकऱ्याने त्यातला कोपरा विधवेला आणि परक्याला सोडावा, असा त्यांच्या वाडवडिलांचा देवाशी करार होता. दाऊदजी कोपरा कधीच कापीत नसे. मिठागरावर नवरा गमावलेली भागी त्या कोपऱ्यावर दोन लेकरे जगवीत होती.

दाऊदजीमागे शेत त्याच्या लेकाकडे, हसाजीकडे आले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. आदल्या साली पावसाने दगा दिलेला, घरात बायकोला दिवस गेलेले. भरल्या कणगीपुढे उभा राहिला, तरी त्याला तिचा तळ दिसे. त्या वर्षी पीक मातबर आले आणि हसाजीने कोपऱ्यालाही विळा लावला. भागी टोपली घेऊन आली. तिने नुसते बुडखे पाहिले आणि रिकामी टोपली काखेत मारून माघारी गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे त्याला वाटले म्हणे.

पुढच्याच श्रावणात पुनवेच्या उधाणाने बांधाला खांड पडली. खारे पाणी शेतभर पसरले. दोन वर्षे तिथे गवताची काडी उगवली नाही. शेवटी एकदा हसाजीने आईला, शेगुलाबाईला, विचारलेच.

“आई, देवानं आपल्याला टाकलं का गं?”

“टाकायचं असतं तर कान कशाला धरला असता? परक्याच्या पोराला कोणी शिस्त लावत नाही, हसा. जा, जिचं खाल्लंस तिला तोंड दाखव.”

द्यायला हातात मूठभर दाणे नव्हते. हसाजी तसाच भागीच्या दारात जाऊन उभा राहिला. “भागीबाय, पिकलं तर कोपरा तुझा. तुझ्यामागं तुझ्यासारख्यांचा.”

“पिकू दे आदी,” भागी म्हणाली.

त्याने एकट्याने चिखलाच्या ढेपा वाहून खांड बुजवली. पावसाने हळूहळू खार धुऊन नेला. तिसऱ्या वर्षी रोप तगले, लोंब्या भरल्या. आणि नेमकी सर्वपित्री अमावस्या शनिवारी आली. भर दुपारी उधाण चढू लागले. बुजवलेल्या जागी बांध पाझरतोय, असे कोणीतरी ओरडत गेले.

शनिवारी कुदळ उचलायची नाही, दुसऱ्यालाही कामाला लावायचे नाही. हसाजी ओट्यावर बसला होता. ऊठ, सगळे जाईल, असे त्याचे काळीज सांगत होते. पण हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. कोपऱ्यावर विळा चालवताना हाच बोलला होता. हसाजीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि पाठ असलेली एकुलती एक प्रार्थना तो म्हणत राहिला, ‘शेमा इस्राएल, शेमा इस्राएल.’ घामाने त्याचा अंगरखा भिजला. डोळे मिटले, तरी त्याला पाणीच दिसत होते.

भरती ओसरल्यावर तो बांधावर गेला. शेत हिरवे होते. खांडीच्या जागी पेंढा आणि चिखल थापलेला होता, आणि गुडघाभर रेंद्यात भागी उभी होती. मागे आगरी पाड्यातल्या आठ-दहा बाया होत्या, सगळ्या चिखलाने माखलेल्या.

“मी बोलावलं नव्हतं, भागीबाय,” तो म्हणाला.

“बांध तुजा आसंल,” भागी म्हणाली, “कोपरा माजा हाय.”

तेल्यांची घरे पुढे एकेक करून गेली. काही मुंबईला, बरीचशी इस्राएलला. शेत आता आगऱ्यांकडे आहे, कोपरा तेही विधवेसाठी सोडतात, आणि बांध सिमेंटचा. पण आजही सर्वपित्री अमावस्या शनिवारी आली, की पाड्यातल्या बाया हातातले काम टाकून बांधावर जाऊन उभ्या राहतात. पाणी उतरेपर्यंत कोणी घरी परतत नाही.