करवंदवाडीचा आठ पायांचा साक्षीदार

“माझ्या भट्टीच्या धुरानं तुमचं गाव आजारी पडलं? खोटं! साफ खोटं!” शार्दूल महाराज सिंहासनावरून गरजले.

समोर करवंदवाडीची माणसं हात जोडून उभी होती. महालाला तांब्याचं छप्पर घालायची हौस महाराजांना आली, म्हणून करवंदवाडीच्या वेशीवर तांबं वितळवायची भट्टी पेटली होती. तेव्हापासून गावातल्या गाभण शेळ्या गाभडत होत्या, पोरं पोट धरून रडत होती आणि विहिरीचं पाणी कडवट लागत होतं.

“महाराज, अख्खं गाव साक्ष देईल,” म्हातारे पाटील म्हणाले.

“माणसं काय, पढवाल तसं बोलतील! मला असा साक्षीदार आणा, जो भट्टी पेटल्यापासून गाव सोडून गेला नाही, ज्याला कधी कुणी काही शिकवलं नाही, आणि ज्याला खोटं बोलताच येत नाही! पौर्णिमेपर्यंत आणला नाहीत, तर सगळ्या गावानं भट्टीला लाकडं वाहायची!”

गाव चावडीत डोकं धरून बसलं.

“आपला वड नेऊ या का?” एकानं विचारलं.

“ने की! उपट आणि घे खांद्यावर!” पाटील वैतागले.

केरसुण्या बांधणाऱ्या कोंडाजीची मुलगी सोनकी तिथंच आढ्याची जळमटं काढत होती. केरसुणीला चिकटलेला पुंजका तिनं शेकोटीत झटकला. भस्सकन ज्योत उठली, ती हिरवीगार!

“अगं बाई!” सोनकीनं दुसरा पुंजका टाकला. पुन्हा हिरवी!

दुसऱ्या दिवशी ती डोंगरापलीकडे मावशीच्या गावी गेली. “मावशी, घर झाडून देते,” म्हणाली, आणि तिथली जळमटं चुलीत टाकून पाहिली. ज्योत साधी पिवळी! सोनकी हसत हसतच घरी परतली.

पौर्णिमेला ती तोंडाला फडकं बांधलेलं मडकं घेऊन दरबारात उभी राहिली.

“साक्षीदार कुठाय?” महाराजांनी विचारलं.

तिनं फडकं सोडलं. मडक्यातून एक टपोरा कोळी डोकावला. दिवाणजींनी पाय वर घेतले!

“महाराज, हा आमच्या चावडीचा कोळी. गाव सोडून कुठं गेला नाही. जाळं विणायला याला कुणी शिकवलं नाही. आणि खोटं बोलायला तोंड उघडेल, तर आत माशी असते!”

“बरं, मग बोलू दे की त्याला!”

“त्याचं जाळंच बोलतं, महाराज. वाऱ्यावर येईल ते त्यात अडकतं, आणि तेच याच्या पोटात जातं.”

सोनकीनं शेगडी मागवली. पदराच्या गाठीतून आणलेलं मावशीच्या गावचं जळमट टाकलं, ज्योत पिवळी. करवंदवाडीचं टाकलं, ज्योत हिरवी. तांब्याचीच हिरवी! दरबारात आलेल्या भट्टीवरच्या कामगारांनी लगेच ओळखली.

“लबाड पोरी!” महाराज उसळले. “तूच त्याला तांब्याची पूड चोळली असशील!”

“मग जाळं आपल्या महालातलं घ्या. इथं तर मी आजच आले!”

“माझ्या महालात जळमट? एक तरी दाखव!”

सोनकीनं मान वर केली आणि बोट दाखवलं. थेट महाराजांच्या डोक्यावर, सोन्याच्या छत्राच्या आतल्या बाजूला, ऐसपैस जाळं पसरलं होतं. झाडलोट बघणारा कारभारी खांबाआड झाला.

महाराजांनी स्वतः उठून ते काढलं, स्वतःच्या हातानं शेगडीत टाकलं. ज्योत हिरवी!

महाराजांनी मिशी कुरवाळली. हार मानायचा स्वभावच नव्हता! “ठीक आहे. धूर गावात जातो. अगदी माझ्यापर्यंतही येतो. पण त्यानं अपाय होतो, हे कशावरून?”

सोनकीनं शेगडीतली चिमूटभर राख पेलाभर पाण्यात ढवळली आणि पेला दोन्ही हातांनी पुढे केला.

“होत नसेल, तर घ्यावं महाराज! आमची पोरं रोज हेच पितात.”

महाराजांनी पेला हातात घेतला. पाण्याकडे पाहिलं. राजवैद्यांकडे पाहिलं. राजवैद्यांनी घाईघाईनं मान हलवली, नको, नको! महाराजांनी पेला ओठांपर्यंत नेला, तिथंच थांबवला, आणि एकाएकी ते असे खदखदून हसले, की अर्धं पाणी अंगरख्यावर सांडलं.

“विझवा रे ती भट्टी! आजच्या आज! आणि करवंदवाडीला डोंगराच्या वरच्या अंगाला नवी विहीर खणून द्या!” त्यांनी डोळे पुसले. “पोरी, तू काय घेशील? मागशील ते देतो.”

सोनकीनं क्षणभर विचार केला.

“काहीही चालेल, महाराज. फक्त तांब्याचं नको!”

महाराज पुन्हा हसत सुटले, आणि त्या संध्याकाळी सोनकी राजाच्या गोठ्यातली सगळ्यात दुभती म्हैस हाकत करवंदवाडीला निघाली.