काचेच्या कौलाखालची राख

समुद्राकाठच्या एका ख्रिस्ती गावात एकदा एक वृद्ध मास्तर राहत. शाळेचे मास्तर नव्हेत. फादर चार गावांत फिरत, तेव्हा मागे देवळाची देखभाल, मुलांची धर्मशिकवण आणि मयताच्या घरची प्रार्थना, सगळा भार त्यांच्यावर. गुडघे बोलू लागले तसा त्यांनी हाताखाली एक शिष्य घेतला. नाव इनास, वय बावीस, आवाज गोड. मयताच्या घरी तो दोन शब्द बोलला की रडणाऱ्या बायकासुद्धा डोळे पुसून ऐकत.

तेव्हा गावात विजेचा खांब आलेला नव्हता. घरे कौलारू, आणि प्रत्येक छपरात एक कौल काचेचे. दिवसाचे ऊन तेवढ्या वाटेने घरात यायचे. चुलीवर भात कधी चढवायचा, हे बायका त्या उन्हाच्या तुकड्यावरून ठरवीत. घड्याळ एकट्या देवळात, तेही आठवड्यातून दोनदा झोपणारे.

गावाची एक रीत होती. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी घरोघरी झावळीच्या पात्यांचा क्रूस विणायचा, त्यावर फादरांचा आशीर्वाद घ्यायचा आणि वर्षभर तो दारावर खोचून ठेवायचा. पुढच्या वर्षी, राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, ते वाळलेले क्रूस गोळा करून जाळायचे. तीच राख फादर बुधवारी प्रत्येकाच्या कपाळाला लावीत आणि माणूस मातीचा आहे, मातीलाच मिळणार आहे, याची आठवण देत.

त्या वर्षी टोपली घेऊन निघालेल्या इनासचे पाय जड होते. त्याची आय पावसाळ्यात तापाने गेली होती, आणि अर्ध्या गावाचे क्रूस तिनेच विणलेले.

कातरीनआजीने दारावरचा क्रूस काढून त्याच्या हातात दिला. "ही गाठ बघ. तुझ्या आयशिवाय कुणाला जमली नाही. मी शिकायला बसले, तर म्हणते कशी, आजी, तुमची बोटं पापड लाटायलाच बरी." म्हातारी हसली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "तुमच्या घरचा घातलास टोपलीत?"

"घालतो," इनास म्हणाला.

घातला नाही. घरी जाऊन त्याने तो दारावरून काढला, आयच्या लुगड्यात गुंडाळला आणि पेटीत ठेवून झाकण लावले.

देवळामागच्या खोलीशी मास्तर वाट पाहत होते. त्यांनी टोपलीत नजर फिरवली.

"तुमच्या घरचा दिसत नाही."

"उंदरांनी नेला, मास्तर."

"अस्सं. क्रूस खाणारे उंदीर! उद्यापासून उपासकाळ, तोंड आवरा म्हणावं त्यांना."

दोघांनी अंगणात क्रूस जाळले. राख निवल्यावर इनास खोलीत बसून ती परातीत चाळू लागला, आधी चाळणीतून, मग मलमलीतून. मैद्यासारखी मऊ होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. मग एकाएकी चाळणी खाली ठेवली.

"उंदरांनी नाही नेला. मी ठेवलाय. सगळ्या गावात तिची गाठ होती, ती आज मी माझ्या हातानं जाळली. एवढी एक राहिलीय, ती नाही देणार."

"बरं."

"आणि उद्यापासून दुसरा कुणी शिष्य बघा. तिच्यावर माती लोटताना पहिली मूठ माझीच होती. आता लोकांना, तुमचं माणूस पुन्हा भेटेल, असं कुठल्या तोंडानं सांगू? कशाच्या जोरावर?"

मास्तर भिंतीला धरून उठले. "दार लाव. खिडकीही लाव."

इनासने दार, खिडकी लावली. खोलीत काळोख झाला. छपरात एकच काचेचे कौल होते. त्यातून उतरलेला उजेडाचा तुकडा सारवलेल्या जमिनीवर पडला होता, भाकरीएवढा.

"ऊन कुठं आहे?"

"हे काय, जमिनीवर."

"आणि कौलापासून जमिनीपर्यंत?"

इनासने वर पाहिले, खाली पाहिले. "मध्ये काही नाही. काळोख."

मास्तरांनी परातीत हात घातला आणि इतक्या निगुतीने चाळलेली राख मूठभर घेऊन वर उधळली.

"मास्तर! उद्याची राख ती!"

त्याने वर पाहिले. छपरापासून जमिनीपर्यंत उजेडाचा एक तिरपा खांब उभा होता. राखेचा कण न् कण सोन्याचा होऊन त्यात सावकाश फिरत होता.

इनासला उखळ आठवले. आय भात सडायची, तेव्हा कोंडा उडून उन्हात असाच चमकायचा. पाच वर्षांचा इनास ते सोने धरायला जायचा. मूठ उघडली की रिकामी, मग भोकाड. आय मुसळ थांबवून म्हणायची, "मूठ मिटलीस की आत काळोखच होणार, बाळा. हात उघडा ठेव, मग बघ."

किती वर्षे हे आठवले नव्हते! त्याने नकळत तळहात पुढे केला. त्यावर ऊन बसले, आणि उन्हाबरोबर थोडी राखही.

मास्तरांना दोन शिंका आल्या. मग ते म्हणाले, "ऊन काय आत्ता आलं? मघापासून इथंच होतं, अखंड. उजेड कशाला तरी लागल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तुला मध्ये काळोख वाटला. देवानं उजेड पहिल्या दिवशी केला, मातीचा माणूस सहाव्या. आपण माती खरीच. पण ती कुणाच्या उजेडात पडते, ते बघ. आपला प्रभूसुद्धा कबरीत उतरला आणि तिसऱ्या दिवशी उठला. जिथं तुझी आय गेली, तिथं तो आधी जाऊन आलाय. मधली वाट आपल्याला दिसत नाही, इतकंच. त्याच जोरावर मी आजवर मयताच्या घरी तोंड उघडलं. माझ्याकडे दुसरं काही नाही."

राख खाली बसेपर्यंत इनास उभा राहिला, मग दार उघडून घरी गेला. आला तेव्हा त्याच्या हातात क्रूस होता. आयच्या गाठीवरून त्याने एकदा अंगठा फिरवला आणि अंगणात ठेवून त्याला स्वतः काडी लावली. वाळके पाते क्षणात पेटले.

ती राख तो खोलीत घेऊन गेला नाही. बाहेर पायरीवर, उन्हात बसून चाळू लागला. मास्तर शेजारी टेकले. "उद्या दुपारी खाडीपलीकडे मयताच्या घरी जायचंय," ते म्हणाले.

"मी बोलेन," इनास म्हणाला.

समुद्राकडून वारा आला आणि त्याने चाळणीखालची चिमूटभर राख उचलली. इनासने झाकायला हात नेला नाही. ज्या उजेडात ती दिसेनाशी झाली, त्या उजेडाकडे तो कितीतरी वेळ पाहत राहिला.