शालनकाकूंचा प्रश्न

गावाबाहेरच्या पुलावर बडे कंत्राटदार दादासाहेब इंगवले यांच्या गाडीने पायी निघालेल्या शालनकाकूंना उडवलं. पाय मोडला. लोक उचलायला धावले, तेव्हा कळ सोसत काकू म्हणाल्या, “मला हलवू नका. आधी अ‍ॅम्ब्युलन्स आणि पोलिसांना बोलवा.”

हवालदार आला, तो दादासाहेबांना सलाम ठोकतच. दादासाहेब गरजले, “चूक या बाईंची आहे! रस्त्याच्या मधोमध चालत होत्या. पुलाच्या त्या टोकापासून बघतोय मी!”

हवालदार मान डोलवू लागला. काकूंनी पडल्यापडल्याच विचारलं, “एवढ्या लांबून दिसले मी तुम्हाला?”

“अगदी स्वच्छ!”

“मग ब्रेक दाबायला अख्खा पूल पुरला नाही का, दादासाहेब?”

गर्दीत हशा पिकला. हवालदाराने हसू दाबलं आणि दादासाहेबांकडे गाडीची किल्ली मागितली.